फणसाची होडी

खाडीकाठच्या एका गावात एक नावाडी राहत होता. त्याची जुनी होडी कुजली आणि पलीकडच्या बाजाराला जायची गावाची जवळची वाट बंद झाली.

वरच्या वाडीत एक म्हातारी काकी होती. तिनं आपल्या परसातला मोठा फणस होडीच्या लाकडासाठी त्याला देऊन टाकला. म्हणाली, "मला काही नको. होडी पाण्यात उतरवशील तेव्हा हाक मार. झाड देणाऱ्यानं आधी बसायचं, अशी आपली रीत आहे."

नावाड्यानं घाई केली. लाकूड पुरतं सुकण्याआधीच फळ्या ठोकल्या. होडी झाली ती एका अंगाला कलती, आणि तळातून पाणी झिरपे. माणसं पार होत, पण काकीला ही होडी दाखवायची कशी? आधी नीट करू, मग बोलावू, असं त्यानं ठरवलं.

ते राहूनच गेलं. काकी दिसली की तो माडांच्या आडून जाई.

बायको म्हणे, "काकी काय वाघ आहे? जाऊन सांगा तरी."

"जाईन गं. होळी होऊ दे."

होळीही गेली. पावसाळा तोंडावर आला आणि तळाची फळी फुटली. मग मात्र तो वरच्या वाडीत गेला आणि अंगणात उभा राहिला.

"बस रे," काकी म्हणाली. "वाट सापडली म्हणायची."

"काकी, एक फळी हवी होती."

"होडी चालते हे मला कोळणीनं सांगितलं. तू बोलवायला येशील म्हणून मी धुतलेलं लुगडं वेगळं काढून ठेवलं होतं."

"होडी कलती झाली, काकी. लाज वाटली."

"कलती तर कलती. मी तरी कुठं सरळ चालते?" काकीनं पडवीकडे बोट केलं. "वाऱ्यानं आणखी एक फणस पडला होता. त्याच्या फळ्या तुझ्यासाठी पडवीत सुकत ठेवल्या होत्या. तू येईनास. वाटलं, तुला आता नको असेल. शाळेच्या छपराला देऊन टाकल्या."

पावसात नवं लाकूड सुकणार नव्हतं. नावाडी मान खाली घालून रिकाम्या हातानं परतला.

त्या पावसाळ्यात गाव घाटाच्या लांबच्या वाटेनं बाजाराला गेलं. बाया डोक्यावर टोपल्या घेऊन त्याच्या दारावरून जात. कुणी त्याला बोल लावला नाही. सगळ्यांच्या मागून काकी हळूहळू येई, दाराशी टेकून दम खाई आणि विचारी, "बरा आहेस ना रे?"

तात्पर्य एवढंच, बाळांनो: ज्यानं भरवशानं दिलं, त्याला काम कसं चाललंय ते सांगत राहावं, आणि बिघडलं असेल तर सगळ्यात आधी सांगावं.