ठिपकीचे शीत

ही गोष्ट कधी ऐकली? बारा नोव्हेंबरला, मंगळवारी.
किती वाजता? संध्याकाळी सव्वासात वाजता.
कोणाकडून? मिरजेच्या बालवाडीतल्या वृंदाताई ढवळीकरांकडून.
तेव्हा वृंदाताई काय करत होत्या? आपल्या नातवाला भरवत होत्या. नातू तोंड उघडत नव्हता. म्हणून त्यांनी गोष्ट सांगितली. त्यांनी सांगितली, तशीच ही पुढे दिली आहे.

एक होती मुंगी. तिचे नाव ठिपकी.
ठिपकी रेवूच्या घरी राहायची. स्वयंपाकघरात, फरशीच्या फटीत.
रेवू तीन वर्षांची होती. ती रोज संध्याकाळी आईबाबांबरोबर जेवायला बसायची. ताटात भात आला, की पहिले शीत उचलायची. फरशीवर ठेवायची आणि म्हणायची, "हे ठिपकीचे!"
मग ठिपकी यायची. तुरू तुरू, तुरू तुरू. शीत डोक्यावर घ्यायची आणि जायची.

पण सोमवारी शीत आले नाही.
मंगळवारी आले नाही.
बुधवारीही आले नाही.
बाकीच्या मुंग्या म्हणाल्या, "चला गं, समोरच्या घरी साखर सांडली आहे." आणि सगळी रांग निघून गेली.
ठिपकी म्हणाली, "मी थांबते. रेवू माझे शीत ठेवील."
फटीत ठिपकी एकटीच उरली. पुढे कोणी नाही. मागे कोणी नाही. एकटीची काही रांग होत नाही.

गुरुवार उजाडला. गुरुवारची संध्याकाळ झाली.
ठिपकीने ठरवले, "आज शीत मिळाले, तर राहायचे. नाही मिळाले, तर हे घर सोडायचे."
ठिपकी निघाली. तुरू तुरू, तुरू तुरू. एकटीच.

रेवू कोपऱ्यात बसली होती. कोरडी पोळी चावत होती.
"रेवू, रेवू, शीत दे.
माझे पोट भरेना."
रेवू म्हणाली, "कुठून देऊ? भात नाही. ताटसुद्धा नाही. ताट खाली उतरेल, तर शीत देईन."

ठिपकी निघाली. तुरू तुरू, तुरू तुरू. एकटीच.
ताट मांडणीवर उभे होते.
"ताटोबा, ताटोबा, खाली उतर.
रेवू शीत देईना,
माझे पोट भरेना."
ताट म्हणाले, "ठण्ण! उतरून बसू कुठे? फरशीवर? गार असते फरशी! चटई उलगडेल, तर खाली उतरेन."

ठिपकी निघाली. तुरू तुरू, तुरू तुरू. एकटीच.
चटई दारामागे उभी होती. गुंडाळी करून.
"चटईबाई, चटईबाई, उलगड.
ताट उतरेना,
रेवू शीत देईना,
माझे पोट भरेना."
चटई म्हणाली, "सोमवारी उलगडले होते मी. कोणी बसायला आलेच नाही. एकटीच पडून राहिले. आता कुकर शिट्टी देईल, तर उलगडेन."

ठिपकी निघाली. तुरू तुरू, तुरू तुरू. एकटीच.
कुकर ओट्यावर बसला होता.
"कुकरराव, कुकरराव, शिट्टी दे.
चटई उलगडेना,
ताट उतरेना,
रेवू शीत देईना,
माझे पोट भरेना."
कुकर म्हणाला, "रिकाम्या पोटी शिट्टी? जमायचे नाही, बाई! आई तांदूळ घेईल, तर शिट्टी देईन."

ठिपकी निघाली. तुरू तुरू, तुरू तुरू. एकटीच.
आई खुर्चीत बसली होती. नुकतीच कामावरून आली होती. खांद्यावरची पर्ससुद्धा तशीच होती.
"आई, आई, तांदूळ घे.
कुकर शिट्टी देईना,
चटई उलगडेना,
ताट उतरेना,
रेवू शीत देईना,
माझे पोट भरेना."
आई म्हणाली, "कशाला घेऊ, ठिपके? भाताला, की खिचडीला? आठवड्याची सगळी जेवणे ठरवली होती आम्ही. रविवारी बसून कागदावर लिहिली. कागद फ्रिजवर लावला. तो कागदच सापडत नाही! कागद बोलेल, तर तांदूळ घेईन."

ठिपकी निघाली. तुरू तुरू, तुरू तुरू. एकटीच.
कागद कुठे होता? फ्रिजच्या मागे! सोमवारी तो घसरला होता. सुर्रर्र! कोणाला कळलेच नव्हते. ठिपकी मात्र फ्रिजखालून गेली.
"कागददादा, कागददादा, बोल.
आई तांदूळ घेईना,
कुकर शिट्टी देईना,
चटई उलगडेना,
ताट उतरेना,
रेवू शीत देईना,
माझे पोट भरेना."
कागद म्हणाला, "आँक् छी! किती धूळ ही! इथून बोललो, तर ऐकणार कोण? बाबा उठतील, फ्रिज सरकवतील, तर बोलेन."

ठिपकी निघाली. तुरू तुरू, तुरू तुरू. एकटीच.
बाबा आतल्या खोलीत होते. काम केव्हाच संपले होते. तरी बाबा बसून होते.
"बाबा, बाबा, उठा.
कागद बोलेना,
आई तांदूळ घेईना,
कुकर शिट्टी देईना,
चटई उलगडेना,
ताट उतरेना,
रेवू शीत देईना,
माझे पोट भरेना."
बाबा म्हणाले, "उठून कुठे जाऊ, ठिपके? जेवायची हाक आली, की उठायचे. आपल्या घरची पद्धतच आहे ती. पण तीन दिवस झाले, हाक नाही. वाटले, सगळे माझ्याविना जेवले. रेवू हाक मारील, तर उठेन."

ठिपकी निघाली. तुरू तुरू, तुरू तुरू. पाय दमले होते. एकटीच होती.
पुन्हा रेवूपाशी आली.
"रेवू, रेवू, हाक मार.
बाबा उठेनात,
कागद बोलेना,
आई तांदूळ घेईना,
कुकर शिट्टी देईना,
चटई उलगडेना,
ताट उतरेना,
रेवू शीत देईना,
माझे पोट भरेना."
रेवू म्हणाली, "अगं, रेवू म्हणजे मीच की!"
"हो. तूच."
"पण ताटे मांडली, की हाक मारायची. आधी नाही मारायची."
"आज आधी मार."
"आई रागावेल."
ठिपकी म्हणाली, "बरं. मग मी जाते, रेवू. उद्या मी दिसणार नाही."
ठिपकी वळली. दाराकडे निघाली. तुरू... तुरू...
रेवूने पोळी खाली ठेवली. ती उभी राहिली. तिने मोठा श्वास घेतला.
"बाबाऽऽऽ! जेवायला चलाऽऽऽ!"
ठिपकी उंबऱ्यावरच थांबली.

आई म्हणाली, "अगं बयो, जेवणाचा पत्ता नाही, आणि हाक कसली मारतेस?"
पण हाक ऐकून बाबा उठले होते. धप् धप् धप्. ते बाहेर आले.
"काय आहे जेवायला?"
"काहीच नाही!" रेवू म्हणाली.
आई बाबांकडे बघत राहिली. बाबा आईकडे बघत राहिले.
"अहो, मला वाटले, तुम्ही कामात आहात."
"आणि मला वाटले, तुम्ही जेवलात."
मग आई हसली. बाबाही हसले.
"कागद कुठे आहे गं?" बाबांनी विचारले. ठिपकीने उंबऱ्यावरून फ्रिजमागे बोट केले.
"फ्रिजमागे! ठिपकीला माहीत आहे!" रेवू म्हणाली.

बाबांनी फ्रिज सरकवला. घर्र घर्र!
कागद बोलला, "गुरुवार. वरणभात आणि लिंबू."
आईने तांदूळ घेतले. खळ खळ!
कुकरने शिट्टी दिली. फुस्स, फुस्स, फुईऽऽ! तीन शिट्ट्या. वृंदाताईंनी तीनच सांगितल्या.
चटई उलगडली. सर्रर्र!
ताट खाली उतरले. ठण्ण!
आई बसली. बाबा बसले. रेवू मध्ये बसली. चटईवर जराही जागा उरली नाही. चटई खूश झाली.

रेवूच्या ताटात भात आला. गरम गरम. रेवूने पहिले शीत उचलले. फू, फू केले. फरशीवर ठेवले.
"हे ठिपकीचे!"
ठिपकी उंबऱ्यावरून परत आली. तुरू तुरू, तुरू तुरू.
रेवूने आणखी एक शीत उचलले. पहिल्या शिताशेजारी ठेवले.
बाबांनी विचारले, "आणि हे कोणाचे?"
रेवू म्हणाली, "तिच्याबरोबर जो बसेल, त्याचे. एकटी कशी जेवेल ती?"

सकाळी रेवूने फरशीवर पाहिले. दोन्ही शिते तिथे नव्हती.
ठिपकीने दोन फेऱ्या केल्या, की रांगेतली कोणी मुंगी परत आली? वृंदाताईंना दोनदा विचारले. त्या म्हणाल्या, "तेव्हा सगळे झोपले होते."
बाकी गोष्ट खात्रीची आहे. तेवढे मात्र नक्की सांगता येत नाही.