चौदा हॉर्सपॉवर

"म्हणजे ताकद वाढलीच नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?" मी विचारलं.

"मी कुठं काय म्हणलो?" बाबालालचाचा म्हणाले. "मगापासनं तुम्हीच बोलताय."

बाबालाल मुजावर यांनी चाळीस वर्षं शर्यतीच्या मोटारी बांधल्या. आता घाटाच्या पायथ्याशी एका लहानशा दर्ग्याची झाडलोट करतात. शिक्षण चौथीपर्यंत. मी डॉक्टरेट घेतलेला, चौतीस वर्षं इंजिनं शिकवलेला प्राध्यापक. तरी मी त्यांच्याकडे का गेलो, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही.

समोर माझी गाडी उभी होती. निवृत्तीनंतर घेतलेली, दोन सीटची, लाल स्पोर्ट्स कार. अभिनंदन उपाध्ये या माझ्या जुन्या विद्यार्थ्याने तिचा कंपनीचा एअर इनटेक, म्हणजे इंजिनात हवा ओढणारी नळी, काढून नवा बसवला होता. इंजिनाच्या शेजारी उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर. चौदा हॉर्सपॉवर वाढल्याचा आलेखही त्याने हातात दिला होता.

आता त्याला माझी सही हवी होती. 'प्रा. डॉ. श्रीधर केळुस्कर यांनी तपासलेले' असं तो आपल्या गॅरेजच्या पत्रकावर छापणार होता. तो कागद मी खिशातून दोनदा काढला, दोनदा परत ठेवला.

"करा की सही."

"खोटं निघालं तर माझ्या नावाचं काय?"

"आणि खरं निघालं तर?"

मी खिशातला कागद चाचपला.

"चालवताना कशी वाटती गाडी?"

"जोरात वाटते. पण त्या वाटण्यावर माझा विश्वास नाही. आवाज वाढलाय, त्याचाच भास असेल."

"आणि पोरावर?"

"त्याच्यावर तर नाहीच. बसवणारा तोच आणि मोजणाराही तोच."

चाचांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "दोनच सीटा? मंडळी रुसली तर मागं कुठं बसायचं त्यांनी?"

मला हसू आलं नाही. शंका मात्र आली. मगाशी 'करा की सही' असं यांनीच म्हटलं होतं.

"मी येण्याआधी अभिनंदनचा फोन आला होता का तुम्हाला?"

"आला असता तर चहा तरी टाकून ठेवला असता."

उत्तर फार लवकर आलं, असं मला वाटलं.

"मोजलं कसं त्यानं?" चाचांनी विचारलं.

मी सांगितलं. चाकं रोलरवर चढवली. गाडी जागच्या जागी पळवली. पुढे मोठा पंखा लावला होता.

"बॉनेट?"

"उघडं."

"हं..."

ते उठले. बाजेवरची जाड गोधडी उचलून त्यांनी थेट माझ्या डोक्यावर टाकली आणि कडा खाली ओढून धरल्या. एप्रिलची दुपार होती.

"चाचा, हे काय?"

"घ्या श्वास. मोठा घ्या."

घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्या वेळी माझीच वाफ नाकात परत आली.

"बास! जीव जाईल माझा."

"का? मगाशी बाहेर घेत हुताच की. नाक तर तेच हाय."

मी गोधडी भिरकावून दिली. बॉनेट बंद झालं की तो उघडा फिल्टर इंजिनाचीच तापलेली हवा ओढणार. तापलेली हवा विरळ, मग ताकद वाढणार कुठून? कंपनीची जुनी नळी दिव्याच्या मागून बाहेरचा गार वारा घेत होती. तीच बरी होती. निदान त्या क्षणी तरी मला याची खात्री वाटली.

"शर्यतीच्या गाडीला आम्ही बॉनेटला भोक पाडायचो," चाचा म्हणाले. "दिसायला वंगाळ. पर गार हवा यायची."

"म्हणजे चोर आहे तो! बॉनेट मुद्दामच उघडं ठेवलं त्यानं."

"मोजत हुता तवा तुम्ही कुठं हुता?"

"तिथंच. शेजारी उभा होतो."

"मग का न्हाई बोललासा?"

"...सुचलं नाही."

"एवढ्या शिकलेल्या माणसाला?"

मला राग आला. "अहो, आमच्या प्रयोगशाळेत इंजिन उघड्यावरच असतं! नुसतं चौथऱ्यावर बसवलेलं. पुढे पंखा. बॉनेट असतंच कुठं तिथं? चौतीस वर्षं मुलांना तसंच मोजायला शिकवलं मी. त्यालाही तिथंच..."

माझी नजर गाडीच्या बॉनेटवर गेली.

चाचा गोधडीची घडी घालत होते. घाटातून एक ट्रक कण्हत वर गेला.

"पोरगा कसा हुता शिकायला?"

"पहिला यायचा," मी म्हणालो. "मी शिकवलेली एकही पायरी कधी चुकवली नाही त्यानं."

"हं..."

मी कागद बाहेर काढला. पेन सापडलं, पण टोपण निघेना.

"चाचा, मला कोड्यात टाकू नका. स्पष्ट सांगा. सही करू की नको?"

त्यांनी घडी बाजेवर ठेवली, तिच्यावरून एकदा हात फिरवला.

"ती तुम्ही कवाच केलीया, सर."