वायरमनचा दात

अवजारांना वाचा होती त्या काळी, दौलत वायरमनचा पुढचा दात तारांची आवरणे सोलत असे. एके दिवशी दौलतने तारेची जाडी आपोआप ओळखणारी नवी सोलणी विकत आणली.

"दादा, आता आपण विश्रांती घ्यावी," सोलणी म्हणाली.

"कालची पोर तू! जाडी मलाही कळते."

"कळते ना. पण माझ्या मागे रबरी मूठ आहे. आपल्या मागे कोण आहे?"

दात नुसताच हसला. दौलतनेही सवयीने तारेचे टोक तोंडात धरले. त्याच क्षणी घरातल्या कुणीतरी मेन स्विच चालू केला.

दौलत भिंतीवर आदळून निपचित पडला. तुटलेला दात फरशीवर घरंगळला आणि तीस वर्षांत प्रथमच त्याने मालकाचा चेहरा पाहिला.

"माझ्या मागे हा होता," तो थिजून म्हणाला.