गेनूने उचललेला वाटा

नदीकाठच्या एका गावात गेनू नावाचा एक भोळा बाप राहायचा. टोपल्या सुबक विणायचा. पण कुणी काही सांगितलं की सांगितलं तस्संच करायचा. त्यामुळे गावातली माणसं त्याच्याशी जपून बोलायची.

गेनूची मुलगी शेवंता चौथीत होती. घराण्यात चौथीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. वर्षाच्या शेवटी तालुक्याचे साहेब येऊन मुलांना प्रश्न विचारणार होते. उत्तरं आली तर पलीकडच्या गावातली मोठी शाळा, नाही तर पुन्हा चौथी.

सोनटक्के गुरुजींनी गेनूला बोलावून घेतलं.

"गेनूभाऊ, मी शिकवतो, पोर शिकते. पण शिकणं हे तिघांचं काम आहे. थोडा भार तुम्हीही उचला."

"उचलतो की," गेनू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो शेवंताला खांद्यावर बसवून शाळेत आला. दप्तर डोक्यावर. वर्गात आला तरी तिला खाली ठेवीना. दाराची चौकट शेवंताच्या कपाळाला लागली. पोरं हसून हसून लोळायला लागली.

गुरुजी म्हणाले, "अहो, तिला खाली ठेवा. तिला तिच्या पायावर उभं राहू द्या."

"एवढंच ना?" गेनू म्हणाला.

संध्याकाळी शेवंता उभ्यानं जेवली. उभ्यानं पाढे म्हणाली. गेनूची बायको तानी म्हणाली, "पोरीला टेकू द्या की जरा."

"गुरुजींनी सांगितलंय," गेनू म्हणाला. "तू मध्ये पडू नकोस."

शेवंता खांबाला धरून उभ्यानंच झोपली. दुसऱ्या दिवशी वर्गात कविता म्हणता म्हणता ती घोरायला लागली.

गुरुजींनी पुन्हा गेनूला बोलावलं. "अहो, तिला असं उभं करू नका. तुम्ही फक्त तिच्या पाठीशी राहा."

गेनू पाठीशी राहिला. शेवंता बसली की तो मागे बसायचा. ती फळ्याकडे गेली की तोही जायचा. दुपारी मुलींचा खो-खो सुरू झाला. शेवंता पळाली, मागोमाग गेनू पळाला. पाठलाग करणाऱ्या मुलीनं गेनूलाच बाद केलं. गेनूला वाईट वाटलं. तो बराच वेळ वाद घालत होता.

गुरुजींनी कपाळावरचा घाम पुसला. "गेनूभाऊ, सारखं मागे मागे नको. लांबून लक्ष ठेवा."

"आता समजलं," गेनू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना ओढ्याच्या चिखलात शेवंताचा पाय रुतला. गेनू लांब, टेकाडावर उभा होता.

"बा, पाय अडकला."

"दिसतंय मला."

"बा, दुसरापण अडकला."

"तोही दिसतोय. माझं पुरतं लक्ष आहे."

शेवटी गुरुजीच धावत आले. त्यांनी पोरीला ओढून काढलं. पोर निघाली, पण गुरुजी कमरेपर्यंत चिखलात गेले. त्यांना बाहेर काढायला आख्खी चौथी लागली.

गुरुजी धोतर पिळत म्हणाले, "गेनूभाऊ, पोर अडली की बापानं लांब उभं राहायचं नसतं. पटकन पुढं व्हायचं."

गेनूनं ते मनात पक्कं केलं.

परीक्षेचा दिवस आला. साहेब खुर्चीत बसले. आईबापांना भिंतीकडेला बसवलं होतं. शेवंताचं नाव आलं.

"सांग बाळ, पाऊस कुठून पडतो?"

शेवंताला उत्तर येत होतं. तिनं फक्त आवंढा गिळला. पण गेनूला वाटलं, पोर अडली. तो पटकन पुढं झाला.

"छपरातून," तो म्हणाला. "चुलीच्या वर जास्त पडतो."

"ढगातून," शेवंता म्हणाली.

साहेबांना हसू आवरेना. डोळे पुसत ते म्हणाले, "मुलगी पास. हा मोठा विद्यार्थी मात्र नापास. गुरुजी, उद्या याच्या वडिलांना शाळेत बोलवा."

शेवंता पास झाली म्हणून तानीनं गूळ वाटला. गेनू काही गूळ खाईना. उतरल्या तोंडानं तो म्हाताऱ्या बापाकडे गेला, खेबा आबाकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा काठी टेकत शाळेच्या दारात हजर. शेजारी गेनू, मान खाली घालून.

गुरुजी लगबगीनं उठले. "अहो आबा, साहेब थट्टेनं बोलले होते. बरं, आलाच आहात तर आत या, बसा."

"नको," आबा म्हणाला. "इथंच बरा आहे."

"उन्हात का उभे राहता? या की."

"कसा येऊ, गुरुजी? मी पहिलीत होतो तेव्हा मास्तर म्हणाले, बापाला आणल्याशिवाय शाळेत पाऊल टाकायचं नाही. बाप टोपल्या विकायला गेला होता." आबानं घसा खाकरला. "म्हणून तवापासून मी बाहेरच उभा आहे."