झिपरूचं कुलूप

एका गावात एक भोळा पहारेकरी होता, नाव झिपरू. गावाबाहेर सरकारी भिक्षेकरीगृह होतं. भीक मागताना सापडलेल्यांना तिथं कोंडून ठेवत, आणि झिपरू दारावर उभा राही.

पहिल्याच दिवशी अधीक्षक टेंभुर्णेसाहेबांनी बजावलं, "आतले सगळे म्हणतात, चुकून आणलंय. लक्ष द्यायचं नाही."

"बरं साहेब," झिपरू म्हणाला. साहेबांचा शब्द म्हणजे त्याला ब्रह्मवाक्य.

आत सरूआजी होती. ती रोज गजांना धरून म्हणे, "लेकरा, देवळात मी परसादाला हात पसरला होता रे. भिकारीण समजून गाडीत घातलं मला. घरी माझा आंधळा म्हातारा एकटा आहे."

झिपरूचा जीव तुटे. पण लक्ष द्यायचं नव्हतं ना!

एकदा आरोग्याची तपासणी आली. तपासनीस मोठे सज्जन. चहा आधी, तपासणी मग. बिस्कीट बुडवत त्यांनी विचारलं, "इथं उंदीर आहेत का हो?"

साहेब "छे छे" म्हणताहेत तोवर झिपरूने एक शेपटीला धरून हजर केला. चांगला गुबगुबीत होता.

तपासनीस गेल्यावर साहेब कडाडले, "मूर्खा! तपासणीच्या दिवशी असलं सगळं मागच्या खोलीत कोंडायचं!"

"बरं साहेब."

पुढं जेवणाची तपासणी आली. साहेबांनी हॉटेलातून पुऱ्या, बटाट्याची भाजी, शिरा मागवला. झिपरूने सगळं मागच्या खोलीत कोंडलं. तपासनिसांच्या ताटात रोजचं वरण पडलं. त्यांनी ते ढवळलं, पण डाळ काही सापडली नाही. उंदरांची मात्र त्या दिवशी दिवाळी झाली.

साहेबांनी कपाळ बडवलं. "गाढवा! तपासणीला आतलं सगळं बाहेर काढून मांडायचं! दारं सताड उघडायची!"

"बरं साहेब."

मग आगीपासून बचावाची तपासणी आली. साहेब हार घेऊन तपासनिसांना आणायला वेशीवर गेले. इकडे झिपरूने दारं सताड उघडली. आतलं सगळं बाहेर काढलं. म्हणजे माणसंच, दुसरं आत होतं काय? त्यांना अंगणात नीट ओळीत मांडलं. फाटकही सताड उघडलं. ओळ कसली टिकते! सगळ्यांत पुढं सरूआजी. गुडघे धरून चालणारी म्हातारी, पण त्या दिवशी तिने मागं वळून पाहिलं नाही.

साहेब तपासनिसांना घेऊन आले, तर अंगणात फक्त झिपरू. दोघं आत धावले. खाटांखाली बघितलं, कोपरे बघितले. साहेब आतूनच किंचाळले, "अरे, इथं माणसं आत पाहिजेत आणि दाराला कुलूप!"

झिपरूने आत डोकावलं. माणसं होती. त्याने कुलूप लावलं.

"झिपऱ्या, उघड!" साहेब गज हलवू लागले. "मी टेंभुर्णे! आम्ही चुकून आत राहिलोय!"

झिपरू हसला.

"सगळे असंच म्हणतात, बाबा," तो म्हणाला, आणि त्याने गजांतून दोन वाट्या वरण आत सरकवलं.