टेकायचा नाही तो पाय

पक्षी उडण्यापेक्षा खेळण्यात जास्त रमत, तेव्हाची ही गोष्ट. तळ्याकाठच्या लंगडी संघाची कप्तान होती साळुंकी, आणि तिच्या जिवाला घोर लागला होता. उद्या पाणकोंबड्यांशी अंतिम सामना, आणि तिचे तरणेबांड गडी चार उड्यांतच उचललेला पाय टेकून बाद होत होते.

तेवढ्यात तात्या करकोचा आला. एके काळचा नावाजलेला गडी, पण पाय मोडून वर्षभर घरी बसलेला. म्हणाला, "मला घे."

सगळे खिदळले. साळुंकीने सुतारपक्ष्याला बोलावलं. त्याने पाय टकटक वाजवून पाहिला आणि मान हलवली. "कामातून गेला. हा आता जन्मात जमिनीला टेकायचा नाही."

"टेकायचाच नाही?" साळुंकीने टुणकन उडी मारली. "अहो, मग अजून काय हवं! तात्या, तुम्ही संघात!"

सामन्यात तात्यांनी एकामागून एक साऱ्या पाणकोंबड्या बाद केल्या.

दुसऱ्या दिवशी संघात शिरायला तरुणांची ही रांग! सगळे मुद्दाम लंगडत आलेले.

"गाढवांनो," तात्या म्हणाले, "मोडका पाय कोणीही आणेल. सामना दुसऱ्या पायाने जिंकला. तो दाखवा."