क्रुसाचे पाणी

ज्या वर्षी गोवराची साथ आली, त्या वर्षी पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला, शांतवनबाबांचा मुक्काम बोरदऱ्यात होता. बाबा म्हणजे प्रभू येशूचे नाव गात गावोगाव पायी हिंडणारे सत्पुरुष. खांद्यावर घोंगडी, हातात एकतारी. ज्या ख्रिस्ती वस्तीवर जायचे तिथे कीर्तन करायचे, मिळेल ती भाकरी खायची आणि ज्याच्या घरी सर्वांत कमी जागा त्याच्या घरी उतरायचे, असा त्यांचा परिपाठ. बोरदऱ्याला ते सणाच्या आदल्या दुपारी पोहोचले आणि थेट राहेलबाईच्या खोपटात जाऊन टेकले.

ही राहेलबाई भांड्यांना कल्हई, म्हणजे आतून कथलाचा थर, लावायची. नवरा असताना ती भाता ओढायची, तो भांडी उजळायचा. नवरा वारल्यावर ती दोन्ही कामे करू लागली. अक्षरओळख अजिबात नाही, पण पाळकसाहेबांच्या तोंडून ऐकलेले शास्त्र तिच्या डोक्यात असे पक्के बसलेले, की महिन्यातून एकदा येणाऱ्या पाळकसाहेबांनी वस्तीची दर रविवारची शब्बाथ शाळा तिच्याच हवाली केली होती. वीस-बावीस लेकरे. ती त्यांना गोष्टी सांगायची, प्रार्थना म्हणवून घ्यायची आणि जाताना प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची.

दानिएलरावांना हे फारसे रुचत नव्हते. दानिएलराव मंडळीचे वडील, म्हणजे पाळकसाहेबांच्या पाठीमागे वस्तीतल्या प्रभूच्या देवळाचा सगळा कारभार त्यांच्या हाती. वस्तीची निम्मी जागा त्यांची, राहेलबाईचे खोपटही त्यांच्याच बांधावर. वेदीच्या मागे भिंतीवर जो पुरुषभर उंचीचा पितळी क्रूस होता, तो त्यांच्या वडिलांनी करवून बसवलेला. दर सणाला चिंच लावून तो उजळायचा मान त्यांच्या घरचा. दुसऱ्या कुणी हात लावलेला दानिएलरावांना खपत नसे. माणूस वाईट नव्हता हो, पण क्रुसाची गोष्ट निघाली की त्यांची छाती जरा जास्तच फुगायची.

गोवराच्या दिवसांत एका बाईने आपले तापलेले पोर त्या क्रुसाला टेकवले आणि पोराचा ताप उतरला. कदाचित तो उतरणारच होता, पण वस्तीत बोभाटा झाला. मग क्रुसाखाली दिवा लागला. पाठोपाठ नवसाचे दोरे आले. आणि सणाच्या आधीच्या गुरुवारी दानिएलरावांनी सांगून टाकले, की यंदा क्रूस धुतलेले पाणी फेकायचे नाही. प्रभू तीन दिवस कबरेत होते, तसे हे पाणीही तीन दिवस झाकून ठेवायचे आणि सणाच्या सकाळी वस्तीच्या एकेका लेकराला वाटीभर पाजायचे. त्यासाठी त्यांनी घरातले आजोबांच्या वेळचे पितळी घंगाळ आणले आणि त्यावर पांढरे कापड बांधून ते वेदीसमोर ठेवले.

राहेलबाईला हे पटले नाही. पण खोपट दानिएलरावांच्या जागेत. तिने दोन दिवस मूग गिळले. शनिवारी सकाळी मात्र सणासाठी देवळात भरवलेल्या जादा शाळेत मुलांना ती मोशेच्या पितळी सापाची गोष्ट सांगू लागली आणि तिथे तिचे तोंड थांबले नाही.

"रानात साप चावून लोक मराय लागलं, तवा देवानंच मोशेला पितळंचा साप करून उंच टांगाय सांगितला," ती म्हणाली. "ज्यानं देवावर भरवसा ठेवून वर बघितलं तो वाचला. म्हंजी साप देवानंच करवलेला, खरं ना? पर फुडं लोक त्या सापालाच धूप जाळाय लागलं. त्याच्याकडंच मागाय लागलं. तवा एका भल्या राजानं तो फोडला आन म्हनला, ह्यो नुसता पितळंचा तुकडा हाय. लेकरांनो, मूर्ती काय दगडाचीच असती आसं न्हाई. देवानं दिलेल्या चांगल्या वस्तूला आपुन देवाच्या जागी बसवलं, की तिचीबी मूर्तीच झाली."

पहिल्या ओळीत बसलेली प्रिसू, दानिएलरावांची सात वर्षांची नात, चटकन म्हणाली, "मग मावशी, आपला क्रूस?"

राहेलबाईने क्षणभर वेदीकडे पाहिले. "क्रूस प्रभूची आठवन हाय, बाळ. आठवन जपायची. पर मागायचं ते प्रभूकडं. तो काय त्या खिळ्यांवर टांगून ऱ्हायला न्हाई, तो उठला. उद्या त्याचाच तर सन हाय."

लेकराच्या पोटात कुठले काय राहते? दुपारच्या जेवणाला प्रिसूने आजोबांना सगळे सांगितले, पितळेच्या तुकड्यासकट. संध्याकाळी दानिएलराव खोपटापुढे येऊन उभे राहिले. आत बाबा बसलेले त्यांना दिसले, तरी त्यांनी आवाज खाली केला नाही.

"राहेल, माझ्या बापानं बसवलेल्या क्रुसाला तू पितळंचा तुकडा म्हनलीस?"

"दादा, म्या सापाला म्हनले."

"सापाचं नाव आन क्रुसावर घाव. मला का कळत न्हाई? अंगठा उठवनारी बाई तू, आन शास्त्र शिकवायला निघालीस. उद्या तुझ्या वर्गातल्या एकेका पोरानं माझ्या हातनं पानी प्यालं पायजे. एक जरी मागं ऱ्हायलं, तर शाळा बंद आन हे खोपटबी खाली करायचं. बाबांच्या समक्ष सांगतो."

ते गेले. राहेलबाई चुलीपाशी बसून राहिली. या वयात बिऱ्हाड कुठे हलवायचे? आणि ती मुले? शेवटी तिने बाबांना विचारले, "बाबा, म्या चुकले का?"

बाबा एकतारीची तार नीट करू लागले. मग म्हणाले, "माय, देव माणसाशी त्याच्या हातातल्या कामातून बोलतो. उद्या काहीही होवो, तुम्ही आपलं काम विसरू नका." एवढेच. राहेलबाईला त्याचा अर्थ तेव्हा उमगला नाही.

रविवारी देऊळ गच्च भरले. पाळकसाहेब त्या दिवशी दुसऱ्या वस्तीवर होते. बाबांचे कीर्तन झाले, उपासना झाली. दानिएलराव पांढरा फेटा बांधून पुढे आले आणि त्यांनी मुलांना रांगेत उभे केले. रांग वेदीपासून दारापर्यंत गेली. राहेलबाईला त्यांनी मुद्दाम घंगाळाशेजारी उभे केले होते, तिच्या देखत हे व्हावे म्हणून.

दानिएलरावांनी घंगाळाचे कापड सोडले. "बघा," ते म्हणाले, "पान्याला रंग चढलाय. देवाची खून हाय ही."

राहेलबाईने वाकून पाहिले. पाण्यावर हिरवट झाक होती. घंगाळाच्या आतल्या बाजूला कल्हईचा मागमूस नव्हता, उघडे पितळ दिसत होते आणि पाण्याच्या रेषेवर हिरवी कड धरली होती. चिंचेचे पाणी, बिनकल्हईचे पितळ आणि तीन दिवस. उभा जन्म ज्या गोष्टीपासून तिने लोकांची ताटे वाचवली, तीच गोष्ट वेदीपुढे पांढऱ्या कापडाखाली शिजत होती. बाबांचे कालचे बोलणे तिला आता कळले.

दानिएलरावांनी पहिली वाटी भरली. समोरच्या मुलाने तोंड उघडले. राहेलबाईने वाटीवर पंजा ठेवला.

"दादा, पानी कळकलंय. इख झालंय ह्याचं. एकाबी लेकराला देऊ नगा."

दानिएलराव हसले आणि त्यांच्यामागे बरेच जण हसले.

"कल्हईवालीला जिथं तिथं कल्हईच दिसती. अगं, क्रुसाला लागलेलं पानी इख कसं व्हईल?"

"क्रूस असू द्या न्हाईतर तपेली, दादा. पितळंचा गुनधर्म तोच. म्या खोपट सोडून जाते, आजच्या आज जाते. पर लेकरास्नी हे पाजू नगा." ती रांग आणि घंगाळ यांच्या मधोमध उभी राहिली.

"हो बाजूला." दानिएलरावांचा आवाज चढला. "माझ्या प्रिसूला म्या पहाटंच तीन वाट्या पाजल्यात, सगळ्यांच्या आधी. काय झालं तिला? बघ ती कशी..."

सगळ्यांनी पुढच्या बाकाकडे पाहिले. प्रिसू पोट धरून वाकली होती. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. ती उठायला गेली आणि तिथेच कोसळली. तिला उलटी झाली, ती हिरवी. आईने हंबरडा फोडला.

भाविकहो, माणसाची बुद्धी त्या घटकेला कशी चालते पाहा. दानिएलरावांनी धावत जाऊन नातीला उचलले आणि सरळ वेदीमागे नेले. तिचे कपाळ त्यांनी क्रुसाला टेकवले. "बरं कर, बरं कर," ते पितळेला म्हणत होते. मग मागे हात करून ओरडले, "आनखी एक वाटी आना!"

कुणी तरी वाटी भरलीही. राहेलबाईने ती हिसकावून जमिनीवर ओतली.

"दानिएलराव," बाबा म्हणाले. ते हळूच बोलले, पण सगळ्या देवळाला ऐकू गेले. "लेकराला खाली ठेवा. त्या धातूला कान नाहीत."

दानिएलराव खाली बसले आणि बाबांनी प्रिसूला आपल्या घोंगडीवर घेतले. राहेलबाईने बायांना दुधासाठी पिटाळले. शेळीचे दूध आले. पण पोरीची दातखीळ बसली होती, दुधाचा थेंब आत जाईना. हातपाय गार पडले. गावातला वैद्य एव्हाना धावत आला होता. त्याने नाडी पाहिली, पुन्हा पाहिली आणि मान खाली घातली.

"बाबा, तुमी प्रार्थना करा," प्रिसूची आई त्यांच्या पायांशी पडली. "तुमचं देव ऐकतो."

"देव माझा एकट्याचा नाही, बाई." बाबा गुडघ्यांवर आले. त्यांनी क्रुसाकडे पाठ केली आणि तोंड मुलीकडे. "राहेलमाय, तुम्ही दर रविवारी लेकरांकडून जी प्रार्थना म्हणवून घेता, तीच म्हणा. लेकरांनो, आपल्या बाईंच्या मागून म्हणा. कुठं बघायचं नाही. डोळे मिटा आणि बापाशी बोला."

राहेलबाईने डोळे मिटले. मनातून ती भ्याली होती. तिच्या वर्गातली सगळ्यात बडबडी पोर तिच्यासमोर थंड पडत होती. मग तिने नेहमीसारखी सुरुवात केली, स्वर्गातल्या बापाला हाक मारली आणि मागून वीस-बावीस कोवळे आवाज उठले. एक ओळ झाली. दुसरी झाली. पुढच्या ओळीला राहेलबाईचा आवाज फुटला, ती थांबली, पण मुले थांबली नाहीत. मुले 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' या ओळीवर आली.

आणि भाविकहो, त्या ओळीत एक आवाज जास्त होता.

तो अगदी बारीक होता. राहेलबाईला आपल्या वर्गातला एकेक आवाज ठाऊक. तिने डोळे उघडले. घोंगडीवर प्रिसूचे ओठ हलत होते. डोळे मिटलेलेच होते, पण ती बाकीच्या मुलांबरोबर भाकर मागत होती. दातखीळ सुटली होती. राहेलबाईने वाटी तिच्या ओठांना लावली आणि दूध आत गेले. वैद्याने नाडी धरली आणि सोडलीच नाही, त्याच्या डोळ्यांना धार लागली. प्रार्थना आमेनपर्यंत आली तेव्हा प्रिसू आईच्या मांडीवर रडत होती, पोट दुखते म्हणत होती. इतके गोड रडणे त्या देवळात कुणी ऐकले नव्हते.

लोकांचा बांध फुटला. जो तो बाबांकडे धावला. कुणी पाय धरले, कुणी घोंगडीचा कोपरा डोळ्यांना लावू लागले, एका म्हातारीने तर घोंगडीची दोन सुते तोडून पदराला बांधली. बाबांनी ती घोंगडी झटकन आपल्याकडे ओढली.

"आयाबायांनो, एक घंगाळ अजून रिकामं झालेलं नाही," ते म्हणाले, "तेवढ्यात दुसरं भरू नका."

सगळे होते तिथे थबकले. म्हातारीने निमूटपणे सुते सोडून परत दिली.

मग दानिएलराव उठले. फेटा केव्हाच सुटला होता. त्यांनी घंगाळाच्या दोन्ही कड्या धरल्या, कुणाची मदत घेतली नाही आणि ते बाहेर नेऊन खडकावर पालथे केले. आत येऊन ते बाबांच्या पायांवर वाकले, तोच बाबांनी त्यांना खांद्याला धरून उभे केले.

"मी काही केलं नाही, दादा. तुमच्या नातीला कुणी वाचवलं ते तुम्हाला माहीत आहे. आणि त्याचं ऐकून वाटीवर हात कुणी ठेवला, तेही माहीत आहे."

दानिएलराव राहेलबाईसमोर आले. ते म्हणाले, "राहेल, तू खोपट सोडू नगं." तेवढेच बोलून ते बाहेर गेले.

बाबा सोमवारी पुढच्या गावाला निघाले. निघताना त्यांनी पाहिले ते असे. राहेलबाईच्या खोपटापुढे भट्टी पेटली होती. निखाऱ्यांवर ते आजोबांच्या वेळचे घंगाळ तापत होते. राहेलबाई नवसागर टाकून कथील फिरवत होती आणि मंडळीचे वडील दानिएलराव मांडी घालून तिचा भाता ओढत होते. हिरव्या कडेवर पांढरे कथील पसरत गेले. शेजारी प्रिसू बसली होती, अजून फिकट, हातात गुळाचा खडा.

"आजोबा," ती म्हणाली, "मावशी म्हनती, येत्या रविवारपास्नं तुमीबी वर्गात बसनार. खरं?"

"बसू दिलं तर," दानिएलराव म्हणाले.

"मग देवाच्या धा आज्ञांतली दुसरी पाठ पायजे, मूर्ती करून तिच्या पाया पडू नगं म्हनती ती. म्हना माझ्या मागून."

भाता ओढता ओढता दानिएलरावांनी आपले पांढरे डोके त्या सात वर्षांच्या पोरीपुढे वाकवले आणि ते तिच्या मागून म्हणू लागले. बाबा ती आज्ञा पुरी होईपर्यंत वाटेत थांबले, मग एकतारी उचलून चालू लागले.